मे महिन्याचा खांब

मारुतीच्या पारावर चादर टांगून त्यावर मी पहिला आलेख दाखवला, तेव्हा पुढं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मे महिन्यात एवढं पाणी हाय? मग आमच्या घरला कामून येईना?"

लोक हसले. मीही हसले. आजींना कळलं नाही, असं मनात म्हणून मी पुन्हा समजावायला लागले. आलेख विहिरींच्या पाणीपातळीचा होता. भूजल सर्वेक्षणाचे लोक ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आम्ही त्याच महिन्यांत गावातल्या आणखी काही विहिरी मोजल्या होत्या. आकडे एक्सेलमध्ये भरले, बटण दाबलं, निळे खांब उभे राहिले. ऑक्टोबरचा बुटका आणि मेचा सगळ्यांत उंच, कारण मे महिन्यात पाणी सगळ्यांत खोल असतं. "उभ्या अक्षावर जमिनीपासूनची खोली मीटरमध्ये आहे," असं मी दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मागून एक नाना उठले.

"ताई, ते ऱ्हाऊ द्या. पाणी खाली गेलंय का वर आलंय, एवढं सांगा."

"खाली गेलंय."

"मग हे वर कामून चाललंय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. बीड जिल्ह्यातलं ते गाव, बालाघाटाच्या कडेचं, माझ्या माहेरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. म्हणजे परक्या मुलखात भाषा अडली असंही नाही. माझं चित्रच खोटं बोलत होतं, आणि मी त्याच्याखाली बारीक अक्षरात खरं लिहून ठेवलं होतं.

घरी येऊन अक्ष उलटा केला. एका क्लिकचं काम. शून्य वर गेलं, खांब जमिनीपासून खाली लोंबायला लागले. झालं, असं वाटून झोपले. सकाळी चहा पिताना पुन्हा बघितलं आणि लक्षात आलं, अजून चुकतंच आहे. खांब निळे होते. निळं म्हटलं की माणसाला पाणी दिसतं. पण माझा निळा भाग म्हणजे विहिरीतली पाण्यावरची मोकळी जागा! जिथं पाणी नाही तीच जागा मी पाण्याच्या रंगानं भरली होती. मग तो भाग कोरा सोडला आणि त्याच्याखाली, तळापर्यंत, निळं भरलं. वर जमिनीची एक जाड तपकिरी रेघ ओढली. बाजूला थर दाखवले: काळी माती, मुरूम, मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, खाली काळा पाषाण. विहीर खणलेल्या कुणालाही हे थर सांगावे लागत नाहीत. मेचं पाणी मुरूम सोडून पाषाणात उतरलंय, हे नुसत्या नजरेला दिसायला लागलं.

मीटरही काढून टाकले. आमच्याकडं विहीर परसात मोजतात. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. 'विहीर सहा परस' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं एकावर एक उभी सहा माणसं येतात. परस काही प्रयोगशाळेतलं माप नाही. गावागणिक, माणसागणिक बोटभर इकडंतिकडं होतं. वहीत मीटरच लिहिले, चित्रात परसाच्या रेघा मारल्या. संस्थेतल्या एका सरांना हे अशास्त्रीय वाटलं. वाटू दे.

पुढच्या बैठकीत तेच चित्र लावलं. या वेळी काही समजावून सांगायची वेळच आली नाही, कारण लगेच भांडण सुरू झालं. "ही विहीर आमची न्हाई. आमची मे महिन्यात एवढी खाली जात न्हाई." "जाती की! मागल्या साली पोहरा टेकत नव्हता." दोघं उठून दोर घेऊन विहिरीकडं गेले. मी पारावर बसून राहिले. आपला आलेख खोटा ठरवायला माणसं भर उन्हात दोर घेऊन निघालीत, याचा मला फार आनंद झाला.

त्या दिवसापासून माझं एक ठाम मत झालंय. "लई भारी दिसतंय, मॅडम" असं लोक म्हणाले की मी धास्तावते. छान दिसणारं चित्र लोक कॅलेंडरवरच्या देवासारखं बघतात आणि पुढं जातात. कळलेल्या चित्राशी ते वाद घालतात. असली भारी चित्रं मी पुष्कळ केली आहेत. एकदा तर हलणारे खांब केले होते, तिरके, सावली पडणारे, खालून वर उगवत येणारे. मुलांनी ते तीनदा लावायला सांगितले. नंतर विचारलं, काय कळलं? एक जण म्हणाला, "शेवटचा निळा लई जोरात आला."

पाण्याचा ताळेबंद मांडतानाही अशीच फजिती झाली. गावात किती पाणी येतं, ते कुठं कुठं जातं, पिण्याला किती, जनावरांना किती, कोणत्या पिकाला किती. असा हिशेब भिंतीवर लावायचा असतो. मी वृत्तालेख काढला, आठ रंगांचा, आठ फोडींचा. शाळेत सगळ्यांनी काढलेला असतो, म्हणून वाटलं सोपा जाईल. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी इथवर सगळ्यांना कळतं. त्यापुढच्या फोडी शेजारीशेजारी ठेवून कुठली मोठी हे विचारा, घरातली सुगरणसुद्धा अडखळते.

हे वर्तुळ आलं कुठून, तर विल्यम प्लेफेअर नावाच्या एका स्कॉटिश माणसाकडून. त्यानं १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी आणि खांबांनी काढून दाखवले आणि १८०१ साली वर्तुळाच्या फोडी केल्या. पुढं एकशे ऐंशीहून जास्त वर्षांनी, १९८४ मध्ये, विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी माणसांना निरनिराळी चित्रं दाखवून त्यांचे अंदाज तपासले. एकाच रेषेवरून मोजलेल्या खुणा माणूस सगळ्यांत अचूक ताडतो. नुसती लांबी त्याच्या खालोखाल. कोन आणि क्षेत्रफळ आलं की नजर घसरायला लागते, आणि रंगाच्या गडद-फिक्या छटांवरून आकडा ओळखायचा म्हटलं तर विचारायलाच नको. हे वाचताना मला किराणा दुकानातली पोरं आठवली. दोघांत उंच कोण हे ठरवायला ती पाठीला पाठ लावून सपाट फरशीवर उभी राहतात. एक ओट्यावर आणि एक रस्त्यावर, असं कुणी करत नाही.

तर मी फोडी मोडल्या आणि त्याच आठ गोष्टी आडव्या पट्ट्यांनी मांडल्या, सगळ्या डावीकडच्या एकाच रेघेपासून निघणाऱ्या, मोठी वर, लहान खाली. सगळ्यांत वर ऊस आला. त्याची पट्टी कागदाच्या पार टोकाला पोचली. पिण्याच्या पाण्याची पट्टी तळाशी, नखाएवढी. बैठकीत एकदम शांतता झाली. ऊसवाले पुढच्या रांगेत बसले होते. पुढच्या रांगेत कोण बसतं ते सांगायला नको. चहा झाल्यावर सरपंच बाजूला येऊन हळूच म्हणाले, "ताई, पयलं ते गोल होतं ना, तेच बरं दिसत व्हतं."

बरं दिसत होतं, खरंय. आठही रंग सारखेच आनंदी होते त्यात.

आकड्यांची चित्रं मी कुणाकडून शिकले, असं कुणी विचारलं तर मला आमचे अण्णा आठवतात, आणि अण्णांनी आयुष्यात एकही आलेख काढला नाही. ते तहसीलमध्ये कारकून होते. आवारात पर्जन्यमापक होतं, आणि पावसाळ्यात सकाळी मोजपात्रात पाणी ओतून आकडा जिल्ह्याला कळवायचं काम बरीच वर्षं त्यांच्याकडं होतं. सरकारी वहीत आकडा जायचाच. घरी आल्यावर तोच आकडा ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकोनात निळ्या पेनानं लिहायचे. पाऊस पडला नाही तर चौकोन कोरा. शून्य ते कधीच लिहीत नसत.

आईला अक्षरओळख नव्हती. पण ती भाकरी थापता थापता भिंतीकडं बघून सांगायची, "मघा कोरड्या चालल्यात." तिला आकडे वाचायची गरजच नव्हती. कोरे चौकोन किती एका ओळीत आलेत, तेवढं तिला पुरायचं. आणि तिच्या डोक्यातला आडवा अक्ष तारखांचा नव्हता, नक्षत्रांचा होता. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मघांत सासवांचा, पूर्वात सुनांचा. तेरा-चौदा दिवसांचा एकेक कप्पा. कोणत्या कप्प्यात पीक कोणत्या वयाचं असतं ते तिला पाठ. नाही पडल्या मघा, तर ढगाकडं बघा. ऑगस्टच्या मध्यापासून मघा लागतात, तेव्हा सोयाबीन फुलोऱ्यात नाहीतर शेंगा धरण्याच्या बेतात असतं.

महिनाअखेरीला कचेरीतून निघायची ती सरासरी. तालुक्यात अमुक टक्के पाऊस. सरासरी म्हणजे जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस एका पातेल्यात घालून ढवळणं. सगळा पाऊस जूनमध्ये पडून गेला काय, थोडाथोडा चारही महिने पडला काय, किंवा सप्टेंबरच्या शेवटी नद्या घरात घुसल्या काय, पातेल्यातली आमटी सारखीच. फ्रान्सिस अँस्कम नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मुद्दाम जुळवून छापले. चौघांची सरासरी सारखी, आकड्यांची फाकाफाकही जवळपास सारखी, मधून जाणारी सरळ रेषाही तीच. कागदावर काढले की मात्र चौघांचे चार तोंडवळे. एक साधारण सरळ, एक कमानीसारखा वाकडा, एकात एकच बिंदू भरकटलेला, आणि एकात सगळे एकावर एक उभे, एकटाच लांब. आकडेमोडीवर विसंबून चित्र न काढणाऱ्यांना त्यानं दिलेला तो टोला होता. अण्णांच्या दिनदर्शिकेला मराठवाड्यातला अँस्कम म्हणावं असं मला फार वाटतं, पण अण्णा असते तर म्हणाले असते, कामं नाहीत का तुला.

२०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडं त्या महिन्यात ज्याच्यात्याच्या तोंडी 'खंड' हा एकच शब्द होता. पाऊस किती दिवस गायब, म्हणजे किती दिवसांचा खंड पडला, कोणत्या महसूल मंडळात पडला. मी तेव्हा १२२ चौकोनांची एक लांब पट्टी केली. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, हा हवामान खात्याचाच हिशेब. पावसाचा दिवस निळा, बाकीचे कोरे, आणि वर तारखांऐवजी नक्षत्रांची नावं. दुसरं काही नाही. ना आकडा, ना टक्का. ती पट्टी मोबाइलवर इतकी फिरली की माझ्याच मावशीनं मला पाठवली, "बघ गं, कुणी केलंय, बराबर केलंय" असं लिहून.

त्याच काळात हवामान खात्याचा नकाशाही फिरत असतो. त्याचे रंग वाचायला शिकावं लागतं. सरासरीच्या १९ टक्के कमीपासून १९ टक्के जास्तीपर्यंत सगळं 'सामान्य', रंग हिरवा. म्हणजे पाऊस १८ टक्के उणा असला आणि मघा कोरड्या गेल्या असल्या तरी नकाशात जिल्हा हिरवागार. २० ते ५९ टक्के उणा असला की लाल. आणि ६० टक्के किंवा त्याहून जास्त उणा असला की पिवळा! लाल बघून घाबरायचं आणि पिवळं बघून जरा हायसं वाटायचं, ही आपल्याला चौकाचौकांतल्या सिग्नलनं लावलेली सवय. इथं पिवळा लालपेक्षा वाईट. खात्याचं वर्गीकरण त्यांच्या कामाला योग्यच असेल, नकाशाच्या कडेला अर्थही लिहिलेला असतो. पण मोबाइलवर पुढं ढकलताना कड कापली जाते, आणि उरतात फक्त रंग.

टक्क्यांचा आणखी एक घोळ आमच्याकडं रोज पेपरात येतो. जायकवाडी किती टक्के? पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्याच जलाशयाची, एकूण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा, म्हणजे तळाचं, आपोआप बाहेर न येणारं पाणी, उरलेला २१७१ जिवंत साठा. बातमीतले टक्के या जिवंत साठ्याचे असतात. म्हणून 'जायकवाडी शून्य टक्क्यांवर' अशी बातमी येते त्या दिवशीही धरणात एकूण क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याएवढं पाणी असतं. मृत म्हणायचं आणि दुष्काळात त्यातूनच प्यायचं. यावर लोक दोन्ही बाजूंनी फसतात. कुणी शून्य वाचून हबकतो. कुणी पैठणला जाऊन लांबवर चमकणारं पाणी बघून येतो आणि 'पेपरवाले उगीच ओरडतात' म्हणतो. मी एकदा धरणाचा नुसता उभा ग्लास काढला, तळाचा पाव भाग गढूळ रंगात, आणि टक्के त्याच्या वरून सुरू केले. शून्य कुठं आहे ते दाखवलं की निम्मं काम होतं. ग्लासऐवजी आधी मी हंडा काढला होता, तो फसला. दुप्पट पाण्याला दुप्पट उंच हंडा काढला की तो रुंदीतही दुप्पट होतो आणि डोळ्याला चौपट वाटतो. छापील जाहिरातींत हे बघत चला, बऱ्याचदा ते चुकून झालेलं नसतं.

२०१६ मध्ये मी लातूरला खोली करून राहत होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून १२ तारखेला लातुरात पोचली. त्या गाडीचा फोटो सगळ्या जगानं पाहिला. तांबूस वाघिणींची रांग, फुलांचे हार, स्टेशनवर ही गर्दी. चित्र म्हणून त्याला तोड नाही. एवढी लांब गाडी भरून पाणी आलं, हे बघणाऱ्याच्या मनावर कोरलं जातं. मीही बघायला गेले होते आणि माझेही डोळे भरून आले होते, ते लपवायचं कारण नाही.

रात्री खोलीवर बसून हिशेब केला. दहा वाघिणी, एकेकीत ५०,००० लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. माणशी जेमतेम सव्वा लिटर. बाजारात मिळते ती एक बाटली आणि वर चार घोट. पुढं ५० वाघिणींच्या गाड्या यायला लागल्या, २५ लाख लिटरच्या. तेव्हा माणशी साडेसहा लिटर झालं, म्हणजे अंघोळीची अर्धी बादलीसुद्धा नाही. मी वहीच्या पानावर एक बाटली काढली आणि शेजारी, त्याच मापानं, आमच्या घरमालकीणकाकूंची रोजची बादली, हंडा, कळशी अशी ओळ काढली. ते पान काकूंना दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि ते हार किती लिटरचे होते गं?"

गाडी खोटी नव्हती, आलेलं पाणीही खोटं नव्हतं. माझी तक्रार एवढीच की त्या फोटोत शेजारी ठेवायला काही नव्हतं. एकटा आकडा आणि एकटं चित्र, दोघांनाही शेजार लागतो. पाच लाख ऐकून माणूस दचकतो, सव्वा लिटर ऐकून हिशेबाला बसतो.

पुन्हा त्या बालाघाटाकाठच्या गावाकडं येते. विहिरींचं चित्र ग्रामसभेला इतकं पटलं की ते चावडीच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं. लग्नघरांच्या भिंती रंगवणारा पेंटर बोलावला. तो जमिनीच्या रेघेवर वेलबुट्टी काढायला निघाला होता, त्याला थांबवता थांबवता नाकीनऊ आले. शेवटी चार विहिरी, चार महिने, परसाच्या रेघा, आणि दर वर्षी नवी पातळी भरायला जागा, असं ठरलं. ऑक्टोबरचं निळं भरभरून, जानेवारीचं बरं, मार्चचं ओसरलेलं, आणि मेच्या विहिरीत तळाशी बोटभर. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतूनसुद्धा दिसेल असं.

महिन्याभरात सरपंचांचा फोन आला.

"ताई, त्यो मेचा तेवढा खांब पुसता यील का?"

"का हो?"

"दिवाळीनंतर पाव्हणे यायला लागतेत. चावडीपुढंच गाडी थांबती. पोरगी देणारा बाप भिंत वाचतो आन् म्हणतो, माझ्या लेकीनं मे महिन्यात कुठून पाणी आणायचं? दोन सोयरिकी मोडल्या वो."

मी म्हणाले, पुसायला नको. पण माझ्या आवाजात जोर नव्हता. नानांचा नातूही लग्नाचा होता. नकाशे-आलेख शिकवणारी माणसं नेहमी सांगतात की बघणारा कोण हे आधी ठरवा. मी बघणारे म्हणून पारावरची माणसं धरली होती. मुलीचा बाप माझ्या हिशेबातच नव्हता, आणि भिंत सगळ्यांत नीट वाचली ती त्यानंच.

मार्चची पातळी मोजायला गेले तेव्हा मेच्या खांबावर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकलेला होता. बरोबर तेवढ्याच रुंदीचा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च उघडे. मी कुणाला काही बोलले नाही. पाऊस सुरू झाल्यावर जूनच्या शेवटी पुन्हा गेले, फ्लेक्स तिथंच होता, उन्हानं विटलेला. चावडीत कुणी नव्हतं. खालचा कोपरा उचलून आत डोकावले. गेल्या वर्षीच्या निळ्या रेघेच्या खाली, जवळजवळ अर्धा परस खाली, कुणीतरी शिसपेन्सिलनं या मेची रेघ ओढली होती आणि शेजारी तारीख घातली होती.